पायऱ्यांचे चार गुण

आमच्या धामणखेड्याच्या मारुतीच्या देवळात चैत्रात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे ठरतात आणि कोणाचा पहारा कधी, ती यादी लिहून खांबाला चिकटवतात. ज्याच्या गळ्यात वीणा, तो तेवढ्या वेळापुरता देवाच्या जागी. मग तो पाटील असो की मेंढरांमागं फिरलेला असो. येणारा माणूस आधी त्याच्या पाया पडतो, मग मारुतीच्या. पहाऱ्यात तो कोणाशी बोलत नाही, मुखात फक्त नाम. मी या गावच्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवलं आणि एकोणीस सप्ताह ऐकले. एवढ्या वर्षांत वीणेकऱ्याच्या पाया न पडता मी देवळात शिरलो, असा एकच दिवस आहे. तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

सन पंच्याण्णव. सातवीची वार्षिक परीक्षा आणि सप्ताह नेमके एकाच आठवड्यात आले. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर भोकरदनच्या हायस्कूलला जायचं, आणि त्यासाठी सातवीचा दाखला 'उत्तीर्ण' असा पाहिजे. वर्गात पोरं चौदा. गणिताचा पेपर पन्नास गुणांचा, उदाहरणं दहा, प्रत्येकाला पाच गुण. त्यात उत्तराचा एक आणि पायऱ्यांचे चार. पास व्हायला अठरा.

हा पायऱ्यांचा नियम मी वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगायचो, आणि सांगायचो तो कीर्तनाच्या भाषेत. "बुवा उभे राहिले, अभंग म्हणाले अन् खाली बसले. त्याला कोणी कीर्तन म्हणंल का? निरूपण पाहिजे. एकेक ओळ उलगडून दाखवली पाहिजे. तुमचं उत्तर म्हणजे अभंग. पायऱ्या म्हणजे निरूपण. कळलं?" पोरं माना डोलवायची. 'क्ष मानू' पासून 'म्हणून क्ष बरोबर' पर्यंत सगळं रांगेत लिहायची.

मंगळवारी दुपारी मला पेपर काढायचा होता, कारण बुधवारी सकाळी तो फळ्यावर लिहून द्यायचा होता. शहाण्या माणसानं तो घरी बसून काढला असता. मी देवळाच्या ओट्यावर बसून काढला. चारचं भजन चुकवायचं नव्हतं. कागदाच्या पुढच्या बाजूला दहा उदाहरणं लिहिली आणि मागच्या बाजूला उत्तरं, एकाखाली एक, नुसती. पायऱ्या लिहायची मला काय गरज? दहावं उदाहरण तर तोंडीच केलं, कारण तोवर आत हरिपाठाचे टाळ सुरू झाले होते आणि माझा पाय आपोआप ठेका धरू लागला होता. कागद पिशवीत कोंबला.

"द्या गुरुजी, मी लावतो खुंटीला," असं म्हणून देवानंदनं पिशवी घेतली. हा अप्पारावांचा मुलगा, माझ्या वर्गातला पहिला. अप्पाराव सप्ताहाचे पुढारी. पहाऱ्याची यादी त्यांच्याच हातची. देवानंदनं पिशवी नेहमीच्या खुंटीला लावली, गाभाऱ्याच्या दाराशी, जिथं वीणेकरी उभा असतो त्याच्या डोक्यावर. मी वीणेकऱ्याच्या पाया पडलो आणि टाळ घेतले. पुढचा एक तास मी कुठं होतो, ते मारुतीला माहीत.

त्या दिवशी वीणा सांडूच्या गळ्यात होती. चार ते सहा हा त्याचा सातही दिवसांचा पहारा. सांडूच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. सांडूनं मेंढरं विकली आणि दोन एकर कोरडवाहू जमीन घेतली; ती पुरत नाही म्हणून घरची माणसं दुसऱ्याच्या प्लॉटवर जातात. जालन्याच्या बियाण्याच्या कंपन्या आमच्या भागात कपाशीचे प्लॉट देतात. संध्याकाळी मादी झाडाची कळी सोलून ठेवायची आणि सकाळी तिला नर फुलाचं केसर लावायचं. बारीक बोटांचं काम, म्हणून पोरी लागतात. सांडूची इंद्रायणी माझ्या सातवीत होती, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत ती शाळेत नव्हती, प्लॉटवर होती. समीकरणं मी त्याच दिवसांत शिकवली.

मंगळवारच्या त्या हरिपाठात ती बापासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, एवढं मला आठवत होतं. खुंटीखाली बराच वेळ उभी होती, हेही आठवत होतं. किंवा नंतर आठवायला लागलं असेल. माणसाला एकदा शंका आली की आठवणी तिच्या मागं टाळ वाजवत येतात.

बुधवारी पेपर झाला. गुरुवारी दुपारी मी तपासायला बसलो. समोर माझा कागद, उत्तरांची बाजू वर. चौदातल्या कोणी चार उदाहरणं केली होती, कोणी सहा. दहावं दोघांनीच केलं होतं. देवानंदचा पेपर नेहमीसारखा देखणा होता. सगळ्या पायऱ्या, शेवटी उत्तराला चौकट. दहावंही कागदाशी जुळलं. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.

मग इंद्रायणीचा पेपर आला आणि माझा हात थांबला.

एका पानावर दहा आकडे. एकाखाली एक, नुसते. 'क्ष' नाही, समीकरण नाही, कच्चं काम नाही. आकडे माझ्या कागदाशी ताडून पाहिले. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. नववं बरोबर. फक्त दहावं जुळत नव्हतं. माझ्याकडं सत्तावीस होते, तिचे तेवीस.

मी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. माझ्या कागदाची मागची बाजू आणि तिचं पान. दोन्हीकडं नुसती उत्तरं, तीही त्याच मांडणीत.  समीकरणाचे दोन महिने ज्या पोरीनं पाहिले नाहीत तिची नऊ उत्तरं बरोबर, आणि वर्गातल्या अकरा जणांना पाच जमत नाहीत! आणि दहावं? ते मुद्दाम चुकवलं असेल. सगळीच बरोबर आली तर कोणाच्याही डोळ्यावर येईल, एवढी अक्कल बाराव्या वर्षी असते.

पेपर घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. आमचे काकासाहेब निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. त्यांना कुठलीच गोष्ट वर कळवायला आवडायची नाही.

"बराबर आहेत की उत्तरं," ते म्हणाले.

"तेच तर म्हणतो ना, हेडसर."

"तेच तर म्हंजे? पोरांची उत्तरं बराबर आली तरी तुमची तक्रार?"

मी सगळं सांगितलं. प्लॉट, दोन महिने, तांब्या, खुंटी. काकासाहेबांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारून थंड केला.

"नियमानं तिला किती पडतात?"

"उत्तराचा एक, असे नऊ."

"मंग नऊ लिहा अन् मोकळे व्हा. नापास झाली, संपलं. कॉपी म्हणून लिहाल तर मला वर कळवावं लागंल. मंग साहेब पहिला सवाल कोणाला करतील? पेपर कुठं ठेवला होता म्हणून. कुठं होता?"

"पिशवीत."

"अन् पिशवी?"

मी खाली पाहिलं.

"देवळात!" काकासाहेब हसले, पण हसू काही खरं नव्हतं. "रामराव, हे तुमचं कीर्तन तुम्हाला एक दिवस पेन्शनीला मुकवणार बघा. नऊ लिहा."

नऊ लिहिणं सोपं होतं. पोरगी चोर असली तरी नऊ आणि नसली तरी नऊ. माझा नियमच तसा होता. पण मला ते नऊ लिहवेनात. दया आली म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू! माझ्या पिशवीत कोणी हात घातला हे मला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी हरिपाठाच्या आधीच देवळात गेलो. अप्पाराव ओट्यावर बसून पंगतीच्या वाढप्यांना कामं सांगत होते.

"अप्पाराव, मंगळवारी माझी पिशवी कोणी काढली होती का हो खुंटीवरून?"

"का वो गुरुजी? सोनं व्हतं का पिशवीत?" ते मोठ्यानं म्हणाले आणि चार जण हसले. "तुमच्या पिशवीत शेंगदाणे असतेत, समद्या गावाच्या पोरांना ठावं हाय. घातला असंल कोणी हात."

"वीणेवर सांडूच होता ना?"

"सांडूच. पण त्याचे दोन्ही हात वीणेत. तो कसा काढंल?"

त्याचे हात गुंतलेले होते, पण त्याच्या पोरीचे मोकळे होते, असं माझ्या मनात आलं, आणि ते मनात घेऊनच मी आत गेलो. सांडू वीणा घेऊन उभा होता, डोळे अर्धे मिटलेले. मला पाहून त्यानं पाऊल थोडं पुढं केलं, जसं रोज करायचा, म्हणजे मला वाकायला सोपं जावं. मी वाकलो नाही. त्याच्या बाजूनं निघून गेलो, मारुतीला हात जोडले आणि खांबामागं जाऊन बसलो. पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. टाळ घेतले नाहीत. त्या दिवशी हरिपाठ कसा झाला हे मला सांगता येणार नाही. मी सांडूकडं बघत होतो आणि तो पुन्हा माझ्याकडं बघत नव्हता.

पहारा सुटल्यावर तो माझ्या मागोमाग बाहेर आला.

"गुरुजी, माहं काही चुकलं का?"

"तुझ्या पोरीला उद्या सकाळी शाळेत धाड."

"उद्या तर पेपर न्हाई. पास हाय ना ती?" त्याचा आवाज बारीक झाला. "न्हाई म्हंजे, मी तिला बोलून बसलोय गुरुजी. पास झाली तर भोकरदनला नाव घालीन. अन् नापास झाली तर मुकादमाला शब्द देल्ला हाय, दोन्ही हंगाम ती त्याच्या प्लॉटवर. तिची माय कव्हाची मागं लागली, आता शाळा बस झाली म्हणून. मीच थांबवून राह्यलो."

"धाड म्हणलं ना."

तो दोन पावलं गेला आणि परत वळला. "माह्या पाया न्हाई पडले, चालतंय गुरुजी. मी कोण? पण गळ्यात वीणा व्हती."

 मी चपला शोधू लागलो, त्या पायातच होत्या.

शुक्रवारी सकाळी इंद्रायणी रिकाम्या वर्गात आली. परकर-पोलकं धुतलेलं, केसांना तेल. तिला वाटलं असावं, शाबासकीला बोलावलंय.

"पायऱ्या का लिहिल्या नाहीत?"

"मला क्ष न्हाई येत गुरुजी. तुम्ही क्ष शिकविला तव्हा मी प्लॉटवर गेल्ते."

"मग उत्तरं कुठून आणलीस?"

"आणली न्हाई, काढली."

"कुठून काढली, तेच विचारतोय. पिशवीतून?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कोणती? ती खुंटीवरली?"

"खुंटीवर होती हे तुला कसं माहीत?"

"रोजच असती, गुरुजी. आंधळ्यालाबी ठावं हाय."

हिची जीभ चांगलीच चालते, मी मनात म्हटलं. फळ्याकडं वळलो आणि सुचेल ते नवं उदाहरण सांगितलं. एका वाड्यात कोंबड्या आणि शेळ्या मिळून डोकी तीस, पाय चौऱ्याऐंशी. शेळ्या किती?

तिनं खडू घेतलाच नाही. वर कौलाकडं बघितलं. "समद्या कोंबड्याच धरू. साठ पाय झाले. चोवीस कमी पडले. एक कोंबडी काढून तिथं शेळी उभी केली की दोन वाढतेत. बारा शेळ्या."

उत्तर बरोबर होतं. तरी माझी शंका हटली नाही. शंकेला हटायला दुसरी जागा लागते, आणि ती जागा म्हणजे माझीच चूक होती, जी मला अजून दिसली नव्हती. तोंडी हिशोब चट करणारी पोरं बाजाराच्या गावात मिळतात, मी म्हटलं. यानं काय सिद्ध होतं?

"मग दहावं कसं चुकलं? मुद्दाम चुकवलंस?"

"दहावं न्हाई चुकलं."

"चुकलंय. एका बागेत आंबा आणि चिंच मिळून पंच्याहत्तर झाडं. आंब्याची झाडं चिंचेच्या दुपटीपेक्षा सहानं जास्त. चिंचेची किती? उत्तर सत्तावीस आहे."

"तेवीस हाय."

"इंद्रायणी, उत्तर माझ्याकडं लिहिलेलं आहे."

"मंग मोजून दाखवा," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

मी मोजून दाखवायला खडू उचलला. चिंच सत्तावीस. दुप्पट चोपन्न. वर सहा, आंबे साठ. साठ आणि सत्तावीस, सत्त्याऐंशी.

मी पुसलं आणि पुन्हा मांडलं. पुन्हा सत्त्याऐंशी. झाडं पंच्याहत्तर. मंगळवारचे टाळ माझ्या कानात वाजू लागले. सहा वजा करायचे होते, मी ठेक्यात मिळवले होते.

"तू कसं काढलंस?" मी विचारलं. 

"वीस चिंचा धरल्या. आंबे झाले सेहेचाळीस. मिळून सहासष्ट, नऊ कमी. चिंच एक वाढविली की आंबे दोन वाढतेत, म्हंजे झाडं तीन. नवाला तीन चिंचा. वीस अन् तीन, तेवीस."

"हे कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? सकाळी नर फुलं तोडायची, तर किती तोडायची? एक फूल पाच कळ्यांला पुरतं. पण झाडाला कळ्या किती असतेत ते कोण मोजतं? जास्ती तोडली तर मुकादम वरडतो, वाया घातली म्हणून. कमी पडली तर आणेस्तोवर ऊन चढतं अन् केसर वाळतं. मंग पहिल्या ओळीला एक अंदाज धरायचा. किती उरली, किती कमी पडली, बघायचं. तेवढ्यानं सरकायचं. दुसऱ्या ओळीला बराबर येतं." ती थांबली. "गुरुजी, मी पास हाय का?"

"तू बाहेर बस थोडा वेळ," मी म्हणालो.

माझ्या पिशवीतली उत्तरं तिनं पाहिली असती, तर तिनंही सत्तावीस लिहिले असते. एवढी साधी गोष्ट. पण ती साधी गोष्ट कळली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी उभी राहिली. सत्तावीस कोणीतरी लिहिले होते.

मी देवानंदचा पेपर काढला. दहावं उदाहरण. क्ष मानू. क्ष अधिक दोन क्ष अधिक सहा बरोबर पंच्याहत्तर. तीन क्ष बरोबर एकोणसत्तर. इथपर्यंत अगदी सरळ. पुढं म्हणून क्ष बरोबर सत्तावीस, चौकटीत. एकोणसत्तरला तीननं भागून सत्तावीस कसे येतील? मी त्या पायरीवरही बरोबरची खूण केली होती, कारण पायऱ्या होत्या आणि शेवट कागदाशी जुळत होता. पेपर उजेडात धरला. सत्तावीसच्या खाली कागद घासलेला होता. दोन तसाच होता, त्याच्या पुढचा तीन खोडून सात केला होता.

पोराला स्वतःला बरोबर आलं होतं आणि त्यानं ते खोडलं होतं.

देवानंदला बोलावलं. त्याच्यासमोर पेपर ठेवला आणि त्या घासलेल्या जागेवर बोट ठेवलं. 

"मी नुसतं जुळवून बघणार व्हतो, गुरुजी. शेंगदाण्याला हात घातला अन् कागद हाताला लागला. बाकीची माहीच हायेत, आईची आण. दहाव्याला तेवीस येऊन राह्यले व्हते, अन् तुमच्या कागदावर सत्तावीस. मला वाटलं," आणि तो रडू लागला, "मला वाटलं, तुमचं कसं चुकंल?"

त्याला मी काय शिक्षा करणार होतो? पिशवी मी त्याच्या हातात दिली, उत्तर मी चुकवलं आणि गुरुजी चुकत नाहीत हेही मीच वर्षभर शिकवलं. त्याला पाणी प्यायला दिलं. एवढंच म्हणालो, "वडिलांना तू स्वतः सांग. मी सांगणार नाही."

काकासाहेब माझं सगळं ऐकून म्हणाले, "मंग आता? अजूनही वेळ गेली न्हाई. दोघांचेबी मार्क ठेवा तसेच. कोणाला काय कळून राह्यलं?"

"पेपर फुटला तो रद्द करावा लागेल. उद्या सकाळी चौदाही जणांचा पुन्हा घेतो. आणि का रद्द केला ते मी लिहून देतो. वरून विचारलं तर तो कागद दाखवा."

"तुमच्या पिशवीसकट?"

"पिशवीसकट."

शनिवारी हनुमान जयंती. पहाटे जन्माचा सोहळा झाला, सुंठवडा वाटला आणि आठ वाजता पोरं वर्गात बसली, दोघातिघांच्या कपाळाला बुक्का तसाच. हातात कागद नव्हता. उदाहरणं मी उभ्या उभ्या डोक्यातून फळ्यावर लिहिली. मग पोरांकडं वळलो.

"नीट ऐका. क्ष माना, नाही तर वीस धरा. मला दोन्ही चालेल. पण तुम्ही उत्तरापर्यंत कसे आलात ते लिहायचं. तुमच्या भाषेत लिहा. मला तुमच्या मागून चालत येता आलं पाहिजे."

इंद्रायणीचा हात वर गेला. "समदं लिहायचं? बोलल्यावानी?"

"बोलल्यासारखं."

तिनं लिहिलं. सवय नव्हती, म्हणून ओळी वाकड्या गेल्या, 'धरले' चं 'धरीले' झालं, आणि घंटा झाली तेव्हा दोन उदाहरणं राहून गेली होती. काकासाहेब पेपर चाळत माझ्या खांद्याशी उभे राहिले.

"'तीस धरीले. बारा जास्ती झाले. चारनी सरकले.' ह्याला पायऱ्या म्हणायच्या, रामराव?"

"मोजा तुम्हीच. धरलं, ही एक. तपासलं, दोन. किती सरकायचं ते काढलं, तीन. पुन्हा ताडून पाहिलं, चार. चालीचा फरक आहे हेडसर, अभंग तोच आहे."

"पुस्तकात हाये का हे?"

"तिच्या प्लॉटवर आहे."

काकासाहेबांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मग खिशातून पेन काढून सहीची जागा दाखवली. "तुम्ही आधी करा. मंग मी."

इंद्रायणीला अडतीस पडले. देवानंदला एक्केचाळीस, आणि त्यातला एकही गुण माझ्या कागदावरून आलेला नव्हता.

दुपारी चारला देवळात गेलो. पिशवी घरी ठेवली होती. सांडूच्या शेवटच्या पहाऱ्याची वेळ. तो वीणा घेऊन उभा होता, डोळे मिटून, आणि या वेळी त्यानं पाऊल पुढं केलं नाही. मी त्याच्यासमोर बसलो आणि कपाळ त्याच्या पायांवर टेकवलं. पायांना चुलीच्या राखेचा आणि उन्हाचा वास होता. नाम क्षणभर अडखळलं आणि पुन्हा सुरू झालं. मी तसाच, मान न उचलता म्हणालो, "पास आहे. अडतीस. तिनं काही केलं नव्हतं. मीच." त्याला उत्तर देता येत नव्हतं. वीणेचा भोपळा माझ्या पाठीला हलकेच टेकला. त्यानं टेकवला की तो वाकल्यामुळं टेकला, हे मी विचारलं नाही.

सहाला पुढचा पहारा अप्पारावांचा होता. ते आले, पण नेहमीसारखे गडगडत नव्हते. देवानंदनं घरी सांगितलं होतं तर. सांडूनं वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणं त्यांच्या पाया पडला. अप्पारावांनी वीणा सावरत वाकून त्याचे पाय धरले, ते जरा जास्तच वेळ धरले.

बाहेर आल्यावर सांडू उपरण्यानं तोंड पुसत माझ्यापाशी आला.

"गुरुजी, पुढल्या साली पिशवी माह्या खांद्यालाच लावत जा."

"का रे?"

"चोर धुंडायला दूर जायाचं काम न्हाई." तो हसला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण मीही हसलो. ते मला ऐकून घेणं भागच होतं.

इंद्रायणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. "गुरुजी, भोकरदनला आठवीत क्ष कव्हा शिकवतेत?"

"शाळा उघडली की सुरू. श्रावणात तर रोजच."

तिनं तांब्या बापाच्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली. "बाबा, ऐकलं ना? श्रावणात."

सांडू पाणी प्यायला. अर्धा तांब्या प्याला, मग उरलेला पाहत राहिला. श्रावणात प्लॉटवर कळ्या येतात, आणि मुकादम दाराशी येतो.

"प्लॉटवर न्हाई धाडणार," तो म्हणाला.

"इथं न्हाई, बाबा. आत चला. वीणेसमोर म्हणा."

"लई आगाऊ झाली ही," सांडू माझ्याकडं बघून म्हणाला.  त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला, उपरणं खांद्यावर नीट केलं आणि पोरीच्या मागं परत देवळात गेला. मी दारातून पाहिलं. अप्पाराव डोळे मिटून नाम घेत होते. सांडूनं त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "श्रावणात पोरगी शाळेत."